रोलरवर गाडी मधेच थ्रॉटल सोडते? पार्ट बदलण्याआधी हे तपासा

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. गाडी डायनोवर (रोलरवर चाकं फिरवून ताकद मोजायच्या यंत्रावर) चढवली, पट्टे आवळले, चौथ्या गिअरला पॅडल शेवटपर्यंत दाबलं. साडेतीन हजार आरपीएमपर्यंत गाडी मस्त खेचते आणि मग कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी बसते. पाय पूर्ण खाली, पण इंजिनाला त्याचं काही नाही. ग्राफवरची रेघ चढता चढता कड्यावरून खाली पडते. दोन-तीन रन झाले की मीटरवर ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा), एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी), कधी स्टिअरिंग, कधी टायर प्रेशरचा दिवा लागतो, आणि मग गाडी लिंप मोडला (स्वतःला वाचवायला ताकद कमी ठेवण्याच्या स्थितीत) जाते ती चावी बंद करेपर्यंत. तीच गाडी रस्त्यावर काढली की ठणठणीत.

मी पुण्यात टर्बो पेट्रोल गाड्यांचं टेस्टिंग आणि ट्यूनिंग करतो. ही तक्रार घेऊन महिन्यातून एक-दोन जण तरी येतात, आणि त्यातल्या निम्म्या लोकांनी माझ्याकडे येण्याआधी प्लग, कॉइल, डायव्हर्टर व्हॉल्व्ह (टर्बोची जादा हवा परत फिरवणारी झडप), क्वचित आख्खी थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारं दार) बदललेली असते. त्या पैशांचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून मी ज्या क्रमाने शोधतो तो इथे सविस्तर लिहितोय. उदाहरणाला एकच गाडी घेतो, कारण तिच्यात दोन वेगळे दोष एकावर एक बसले होते.

गाडी होती जुनी पोलो जीटी टीएसआय. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, कंपनीकडून १०५ पीएस ताकद आणि १७५ एनएम टॉर्क (फिरवण्याचा जोर), सात गिअरची डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). मालक सांगलीचा, पंचविशीतला मुलगा. गाडीचा रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या आकड्यांत बदल, आधीच एका ठिकाणी झाला होता. त्याच ठिकाणी डायनोवर गाडी बसत होती म्हणून थ्रॉटल बॉडीही नवी टाकली होती, तरी फरक शून्य. त्याचं म्हणणं एकच होतं, "दादा, हायवेला मोकळी पळती की ओ. रोलरवरच काय होतंय कळंना." या वाक्यात निम्मं उत्तर होतं. रस्त्यावर पळते आणि रोलरवर बसते, म्हणजे रोलरवर गाडीला असं काहीतरी दिसतंय जे रस्त्यावर दिसत नाही.

आधी लॉग, मग पाना

स्कॅनर लावून एरर कोड वाचणं आणि लॉग घेणं (गाडी चालू असताना आकड्यांची सलग नोंद करणं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोड वाचून बरेच जण थांबतात. या दोषात कित्येकदा कोड सापडतच नाही, कारण ज्या कॉम्प्युटरने थ्रॉटल बंद करायला लावला त्याच्या मते त्याने आपलं काम चोख केलंय. त्याने नोंद कशाची करायची?

म्हणून एक पूर्ण रन लॉग करायचा. त्यात मोजक्याच गोष्टी घ्यायच्या: आरपीएम, पॅडल किती टक्के, थ्रॉटल किती टक्के, बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) मागितला किती, बूस्ट मिळाला किती, इग्निशन टायमिंग, आत जाणाऱ्या हवेचं तापमान आणि चारही चाकांचा वेग. चाकांचा वेग एबीएसच्या मॉड्यूलमध्ये असतो, इंजिनाच्या ईसीयूत (कॉम्प्युटरमध्ये) नाही, त्यामुळे त्यासाठी वेगळा रन घ्यावा लागला तरी घ्या. सगळं एकदम बघायच्या नादात वीस-पंचवीस रकाने टाकले की साध्या डोंगलवर सेकंदाला दोन-तीनच नोंदी मिळतात. थ्रॉटल अर्ध्या सेकंदात मिटून उघडतो. तो त्या दोन नोंदींच्या मधे निसटून जातो आणि लॉग बघून वाटतं की सगळं बरोबर आहे. आठ रकाने पुरेत.

लॉगमध्ये पहिला प्रश्न एकच विचारायचा: मागणी खाली आली, की पुरवठा खाली आला?

मागितलेला बूस्ट जिथल्या तिथे आहे आणि मिळालेला घसरतोय, तर दोष लोखंडात किंवा रबरात आहे. इंटरकूलरचा (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप निसटलाय, वेस्टगेट (टर्बोचा जोर आवरणारी झडप) नीट मिटत नाही, डायव्हर्टर व्हॉल्व्ह फाटलाय. तिथे बहुधा पी०२९९ हा कमी बूस्टचा कोडही येतो. पण मागणीच खाली आली असेल, तर टर्बोला हात लावू नका. कोणीतरी इंजिनाला सांगितलंय की ताकद कमी कर. ते कोण, हे शोधायचं.

पोलोच्या लॉगमध्ये ३६०० आरपीएमला पॅडल १००, थ्रॉटल मात्र १०० वरून ३८ टक्क्यांवर. बूस्टची मागणी १९५० मिलिबारवरून ११८० वर. म्हणजे मागणी पडली. नवी थ्रॉटल बॉडी आणि तिच्या आधीची जुनी, दोन्ही हुकमाबरहुकूम मिटत होत्या. जुनी डिकीतच होती. ती परत लावून तोच रन घेतला, लॉग जसाच्या तसा आला.

एकाच वेगाला की एकाच आरपीएमला?

हुकूम कोणी दिला हे शोधायची सगळ्यात स्वस्त युक्ती म्हणजे गिअर बदलून पुन्हा रन घेणं. पोलो चौथ्या गिअरला ३६०० आरपीएमला बसत होती. तिसऱ्या गिअरला ४९०० ला बसली. आरपीएम वेगळे, पण दोन्ही वेळा रोलरवरचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास. इंजिनाचा, पेट्रोलचा किंवा मॅपचा दोष असता तर तो आरपीएम आणि लोडच्या मागे गेला असता. तो वेगाच्या मागे गेला, म्हणजे चाकांच्या वेगाशी त्याचा संबंध आहे. मग एबीएसचे रकाने उघडले: पुढची दोन्ही चाकं ८१, मागची दोन्ही शून्य.

दोन चाकांच्या डायनोवर पुढची चाकं फिरतात आणि मागची जमिनीवर उभी असतात. माणसाला ते उघड दिसतं. गाडीला मात्र रोलर माहीत नाही. तिला एवढंच कळतं की मागची चाकं थांबली आहेत, म्हणजे गाडी जागेवर आहे, आणि पुढची ताशी ८० ने घसरताहेत. बर्फावर किंवा चिखलात असंच होतं, आणि अशा वेळी इंजिनाची ताकद तोडणं हेच ईएसपीचं काम. कॅन बसवरून, म्हणजे गाडीतले सगळे कॉम्प्युटर जोडणाऱ्या तारांवरून, ब्रेकचा कॉम्प्युटर इंजिनाच्या कॉम्प्युटरला टॉर्क कमी करायला सांगतो. इंजिन आधी इग्निशन मागे ओढतं (ठिणगी उशिरा पाडतं), तेवढ्याने भागलं नाही की थ्रॉटल मिटवतं. बॉशने कॅन बस १९८६ मध्ये जगापुढे ठेवली आणि १९९५ मध्ये मर्सिडीझच्या एस-क्लास कूपेत ईएसपी आलं. तेव्हापासून ब्रेक आणि इंजिन एकमेकांशी बोलतात. रस्त्यावर त्याने असंख्य जीव वाचवलेत. म्हणून ते कायमचं काढून टाका असं मी कोणालाही सांगत नाही, आणि कोणी सांगितलं तर ऐकू नका. रोलरवर असेपर्यंत ते शांत बसवायचं, एवढंच.

कोणत्या वेगाला हात घालायचा हे प्रत्येक गाडीचं वेगळं. काही गाड्या ताशी ४० लाच कुरकुर करतात, काही शंभर ओलांडू देतात. त्यामुळे "माझ्या मित्राची हीच गाडी डायनोवर नीट चालली" हा पुरावा धरता येत नाही. सॉफ्टवेअरची आवृत्ती वेगळी असली तरी वागणं बदलतं.

ईएसपी शांत कसं बसवायचं

डॅशबोर्डवरचं बटण पुरत नाही, हे आधी सांगतो. बऱ्याच गाड्यांत ते बटण फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद करतं. ईएसपी मागे जागंच राहतं आणि फरक फार वाढला की मधे पडतं. बटण दाबून रन घेतला आणि तरी गाडी बसली, म्हणून "ईएसपी नाही, दुसरंच काहीतरी आहे" असा निष्कर्ष काढू नका. याच चुकीमुळे पोलोची थ्रॉटल बॉडी बदलली गेली होती.

पहिला मार्ग कंपनीचाच. अनेक गाड्यांत रोलर टेस्टसाठी वेगळा मोड असतो. तो कधी स्कॅनरमधून चालू होतो, कधी चावी, ब्रेक आणि बटणाच्या ठरावीक क्रमाने. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तो दिलेला असतो. तो असेल तर दुसरं काही करू नका, कारण इग्निशन बंद केलं की गाडी आपोआप मूळ स्थितीत येते.

तसा मोड नसेल तर मागच्या एका चाकाच्या स्पीड सेन्सरचं कनेक्टर काढतो. इग्निशन चालू केल्यावर एबीएसला सेन्सर सापडत नाही, ते कोड टाकतं, दिवा लावतं आणि ईएसपीसकट स्वतःहून बाजूला होतं. पुढच्या चाकांचा वेग मात्र बसवर येत राहतो, आणि गिअरबॉक्सला तो लागतो. पोलोवर हेच केलं.

एबीएसचा फ्यूज काढणं हा सगळ्यांना माहीत असलेला उपाय आहे, पण माझ्या यादीत तो शेवटचा. फ्यूज गेला की आख्खं मॉड्यूल गप्प होतं. मग इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, मीटर सगळेच यू०१२१ म्हणजे एबीएसशी संपर्क तुटल्याचा कोड टाकतात. ज्या गाड्यांत वेगाचा आकडा एबीएसकडूनच येतो तिथे स्पीडोमीटर शून्यावर, गिअरबॉक्स एका गिअरमध्ये अडकलेला, आणि इंजिन वेगाची माहिती नाही म्हणून आपली ताकद आपणच कापतं. दोष काढायला गेलो आणि तोच दोष दुसऱ्या दाराने आत आला, असं होतं.

ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीवर यातलं काहीही करून तिला दोन चाकांच्या रोलरवर चढवू नका. मागचा क्लच बऱ्याचदा इलेक्ट्रॉनिक असतो. फ्यूज काढल्यावर तो सुटेलच याची खात्री नाही. ऐन रनमध्ये तो पकडला तर जमिनीवरची मागची चाकं गाडीला रोलरवरून पुढे ढकलतात, आणि पुढे पंखा असतो, भिंत असते, माणूस असतो. अशा गाडीला चार चाकांचा, दोन्ही रोलर एकत्र फिरणारा डायनोच हवा.

आणखी दोन गोष्टी पटकन. पुढे रडार असलेल्या गाडीला समोरचा मोठा पंखा अडथळा वाटू शकतो आणि ती स्वतःहून ब्रेक मारू शकते. म्हणून रोलरवर चढवण्याआधी मेनूमधून इमर्जन्सी ब्रेकिंग बंद करा. आणि पट्टे आवळताना स्टिअरिंग अगदी सरळ ठेवा. वाकडं राहिलं तर टायर एका बाजूला ओढतात, आणि ईएसपी जागं असेल तर त्याच्या संशयात भर पडते.

दुसरा खड्डा

सेन्सर काढून रन घेतला आणि पोलो ६००० पर्यंत एका दमात गेली. मालक टाळ्या पिटायच्या बेतात होता. पण ग्राफवर २९०० आरपीएमच्या आसपास एक छोटा खड्डा राहिलाच होता. मागचे लॉग काढून बघितले तर तो पहिल्या रनपासून तिथेच होता. मोठ्या खड्ड्यापुढे त्याच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं, माझंही नाही.

तिसऱ्या गिअरलाही तो २९०० लाच आला. म्हणजे हा वेगाच्या मागे नाही, आरपीएमच्या मागे आहे. आकडे बघा: बूस्टची मागणी १९५०, मिळाला १९२०, आणि तरी थ्रॉटल ५५ टक्क्यांवर. टर्बो हवा देतोय आणि तीच हवा इंजिन दारावर अडवतंय.

हे समजायला आजच्या ईसीयूचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. पूर्वी पॅडल म्हणजे थ्रॉटलची केबल होती. आता पॅडल म्हणजे अर्ज, मंजुरी वेगळी असते. तुम्ही किती टॉर्क मागताय ते पॅडलवरून ठरतं. मग तो अर्ज एकेका टेबलावरून फिरतो: इंजिनाची मर्यादा, गिअरबॉक्सची मर्यादा, तापमानाची, ईएसपीची. ज्याचा आकडा सगळ्यात लहान, तो मंजूर. त्या आकड्यावरून किती हवा लागेल हे काढलं जातं आणि त्याप्रमाणे थ्रॉटल आणि वेस्टगेट हलतात. याच्यावर आणखी एक पहारा असतो. इंजिन प्रत्यक्षात किती टॉर्क देतंय याचा हिशोब स्वतंत्रपणे चालू असतो, आणि तो मंजुरीच्या पलीकडे गेला की थ्रॉटल मिटतो. पॅडलवरून मागितलेलं नसताना गाडी आपोआप सुटू नये म्हणून ही व्यवस्था आहे.

पोलोच्या रीमॅपमध्ये बूस्टचे टेबल वाढवले होते, पण टॉर्कच्या मर्यादा आणि हवेवरून टॉर्क काढायची गणितं नीट जुळवली नव्हती. २९०० ला टॉर्क सगळ्यात जास्त, तिथे हिशोब मंजुरीच्या वर जात होता आणि ईसीयू दार लोटत होतं. रस्त्यावर हे जाणवत नव्हतं, कारण डीएसजी त्या आरपीएमवरून झटकन पुढे जाते.

यावर बाजारात एक सोपा उपाय चालतो: मर्यादांची सगळी टेबलं कमालीला नेऊन ठेवायची आणि पहारा झोपवायचा. खड्डा जातो, हे खरं. पण उद्या पॅडलचा सेन्सर बिघडला किंवा गिअरबॉक्सने मदत मागितली तर ऐकायला कोणी उरत नाही. या पोलोतला डीक्यू२०० गिअरबॉक्स कोरड्या क्लचचा, २५० एनएमपर्यंतचा. ऑक्टाव्हिया आरएस २३० मधला सहा गिअरचा डीक्यू२५० ओल्या क्लचचा, ३५० एनएमचा, आणि ती गाडी कंपनीतूनच ३५० देते. गिअरबॉक्सची मर्यादा ही अडचण म्हणून टाकलेली नाही. ती क्लचची सहनशक्ती आहे.

आम्ही बूस्टची मागणी १८५० वर आणली आणि टॉर्कची टेबलं खऱ्या आकड्यांशी जुळवून घेतली. बूस्ट कमी झाला, पण थ्रॉटल पूर्ण उघडा राहिला, आणि मधल्या आरपीएमला टॉर्क आधीपेक्षा जास्त आला. खड्डा गेला.

प्रत्येक रनला आकडा कमी येतोय

हा वेगळा त्रास आहे, पण गाडीवाले तो याच दोषात मोजतात. पहिला रन चांगला, दुसरा पाच एचपी खाली, तिसरा आणखी सहा. थ्रॉटल पूर्ण उघडा, बूस्ट जागेवर. मग इग्निशनचा रकाना बघायचा.

रस्त्यावर ताशी शंभरला इंटरकूलरवर जेवढा वारा येतो तेवढा खोलीतल्या पंख्यातून येत नाही. एप्रिल-मेमध्ये पुण्यात शेडमध्ये ३८-४० डिग्री असतात. तिसऱ्या रनला आत जाणारी हवा ६० डिग्रीच्या वर जाते, नॉकिंग (सिलेंडरमधलं मिश्रण अवेळी भडकणं) सुरू होतं आणि ईसीयू एकेका सिलेंडरचं टायमिंग मागे ओढतं. दोन-तीन डिग्री ओढले तर मी फार मनावर घेत नाही. पाच-सहा डिग्री आणि तेही दर रनला, तर तिथेच थांबतो. उपाय साधा: दोन रनमध्ये पाच ते सात मिनिटं पंखा चालू ठेवून गाडी थंड करा, आणि प्रत्येक रन हवेच्या त्याच तापमानाला सुरू करा. नाहीतर मॅपची नाही, उन्हाची तुलना होते.

पेट्रोल कोणतं भरलंय हे विचारल्याशिवाय रन घेऊ नका. ९१ ऑक्टेनवर बनवलेला मॅप आणि ९५ किंवा १०० वर बनवलेला मॅप यांची लॉग वेगळी येणारच. त्यात आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला हवा लागते १४.७ भाग, ई२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे त्याच हवेला आठ-नऊ टक्के इंधन जास्त. जुन्या गाडीवर इंजेक्टर किंवा पंप आधीच कडेवर असेल तर वरच्या आरपीएमला रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या इंधनाचा दाब) पडतं, पी००८७ येतो आणि गाडी पुन्हा लिंप मोडला. म्हणून डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत रेल प्रेशरचीही मागणी आणि पुरवठा दोन्ही बघा. आणि मिश्रण वाचताना लॅम्डाचा आकडा (मिळालेली हवा भागिले पूर्ण जळायला लागणारी हवा) वापरा, १४.७ वर बसवलेला एएफआरचा (हवा-इंधन प्रमाणाचा) नको. ई२० वर तो फसवतो.

आकड्यांच्या दुरुस्तीचंही सांगतो, कारण त्यावरून भांडणं होतात. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, हवेचा दाब ९४७ मिलिबारच्या आसपास. डायनोवर डीआयएन दुरुस्ती (हवेचा दाब आणि तापमान धरून आकडा बदलायचं जर्मन मानक) चालू असेल आणि शेडमध्ये ३८ डिग्री असतील, तर यंत्र मोजलेला आकडा सुमारे १.१० ने गुणतं. शंभर मोजले, कागदावर ११०. बिनटर्बो इंजिनाला हे बऱ्यापैकी लागू पडतं. टर्बो मात्र पातळ हवेची भरपाई बऱ्याच अंशी स्वतःच करतो, त्याला वरून पुन्हा दहा टक्के देणं म्हणजे दोनदा मोजणं. मी टर्बो गाडीच्या मालकाला मोजलेला आकडा आणि दुरुस्त केलेला आकडा, दोन्ही लिहून देतो. मुंबईतल्या डायनोचा कागद आणि पुण्यातला कागद शेजारी ठेवून कोणी भांडत असेल, तर आधी दोन्हीवरची दुरुस्ती वाचा.

वायर आणि अर्थिंग

दोष वेगाच्याही मागे नाही, आरपीएमच्याही नाही, कधी येतो कधी नाही, दर वेळी वेगळा दिवा. मग वायरिंगकडे वळा. आणि सुरुवात बाहेरून जोडलेल्या वस्तूंपासून करा. बूस्ट गेज, अॅम्प्लिफायर, डॅश कॅम, ओबीडी पोर्टमध्ये (स्कॅनर लावायच्या जागेत) कायम लावून ठेवलेला डोंगल. हा शेवटचा फार त्रास देतो. तो बसवर सतत प्रश्न विचारत राहतो, गाडीला झोपू देत नाही, बॅटरी उतरवतो, आणि तुमच्या स्कॅनरशी त्याची झटापट होते ती वेगळीच. काढून बाजूला ठेवा.

एका ऑक्टाव्हियावर असं दोन दिवस हैराण झालो होतो. तिसऱ्या-चौथ्या रनला बूस्ट सेन्सरचा आकडा उगाच उडायचा. सेन्सर नवा टाकलेला होता. शेवटी मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिन ब्लॉकला लावून स्टार्टर मारला. ०.६ व्होल्ट. चांगल्या अर्थिंगला तो ०.२ च्या आत असायला हवा. गिअरबॉक्सपासून चॅसिसला येणारी अर्थिंगची पट्टी आधीच्या कोणीतरी काढून परत बसवताना लगखाली (पट्टीच्या टोकाच्या कडीखाली) ताजा काळा रंग तसाच ठेवला होता. इंजिन तापून थरथरलं की संपर्क सुटायचा. पॉलिश पेपरने धातू उघडा केला, बोल्ट आवळला, ०.०८ व्होल्ट. तो दोष पुन्हा आला नाही.

कॅन बसवरच शंका असेल तर बॅटरी सोडून ओबीडी पोर्टच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनमधला रोध मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध असतात, म्हणून ६० च्या आसपास यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय. मात्र नव्या गाड्यांत पोर्टच्या मागे गेटवे (पोर्ट आणि आतल्या बसच्या मधला कॉम्प्युटर) बसलेला असतो, तिथे हा आकडा गेटवेपर्यंतचाच असतो, आतल्या बसचा नाही.

आणि फ्लॅश करताना, म्हणजे ईसीयूत नवा मॅप लिहिताना, बॅटरीवर कधीही भरवसा ठेवू नका. इग्निशन चालू, पंखे चालू, सगळी मॉड्यूल्स जागी, आणि काम वीस मिनिटांचं. मधेच व्होल्टेज पडलं तर ईसीयू अर्धवट लिहिलेला राहतो आणि गाडी उचलून न्यावी लागते. साध्या चार्जरपेक्षा १३ व्होल्टच्या वर स्थिर राहणारा पॉवर सप्लाय लावा, लॅपटॉपही चार्जिंगवर ठेवा. दिवे, एसी, म्युझिक बंद.

रोलर सोडून लॉग घ्यायचाच असेल तर

काही दोष डायनोवर येतच नाहीत. त्यासाठी लोक गाडी एक्सप्रेसवेवर घेऊन जातात. हे मला अजिबात मान्य नाही. एक हात लॅपटॉपवर आणि पाय शेवटपर्यंत दाबलेला, अशी गाडी दुसऱ्यांच्या गाड्यांमध्ये नको. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टाईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे, कोइमतूरचा करी ट्रॅक आहे, अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग स्पर्धा होत आल्या आहेत. ट्रॅक डेला गाडी न्या, लॉगर लावा, एक सत्र पुरतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल केलेली गाडी रस्त्यावर अडचणीत येऊ शकते, हेही मालकाला आधीच स्पष्ट सांगा.

रोलरवरून उतरवताना

जे काढलं ते परत लावल्याशिवाय गाडी शेडच्या बाहेर नेऊ नका. मी सेन्सर किंवा फ्यूज काढला की स्टिअरिंगला लाल चिंधी बांधतो आणि तो परत लागेपर्यंत ती सोडत नाही. एबीएस बंद असलेली, ताकद वाढवलेली गाडी पावसाळी रस्त्यावर कोणाच्या हातात गेली तर काय होईल, याचा विचारही नको.

पोलोचं मागचं कनेक्टर दाबून बसवलं, कुलपाचा "टक" आवाज ऐकला, वायर सस्पेन्शनच्या क्लिपमध्ये परत अडकवली. सगळ्या मॉड्यूलचे कोड काढले. एबीएसचा दिवा तरीही लागलेलाच होता. बऱ्याच गाड्यांत चारही चाकं थोडा वेळ एकत्र फिरलेली दिसल्याशिवाय तो जात नाही, त्यामुळे घाबरून पुन्हा सेन्सर उचकटू नका. मागच्या रिकाम्या गल्लीत ताशी २० पर्यंत नेली, दिवा विझला. मग कोरड्या जागेवर ४० वरून ब्रेक जोरात दाबला. पायाखाली पॅडल थरथरलं, चाक अडकलं नाही. चिंधी सोडली आणि चावी त्याच्या हातात दिली.